इन्स्ट्रुमेंट चार्ट वाचताना कुठे फसायला होतं? नाशिकच्या विद्यार्थ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये पायलटच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना नॅव्हिगेशन शिकवते. माझे काही विद्यार्थी आता धुळ्याला उडतात, काही बारामतीला, काही जण पार परदेशात आहेत. रात्री अकराला फोनवर चार्टचा फोटो येतो, त्यावर लाल गोल केलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "मॅडम, याचा अर्थ नक्की काय धरायचा?" सगळ्यात जास्त वेळा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्यापासून आहे, पुढे गुंता वाढत जातो.

एक गोष्ट आधीच सांगते. ओझरच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही विमानतळाच्या चालू चार्टवरचे आकडे मी इथे मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते बदलतात. उड्डाणासाठी त्या दिवशी लागू असलेला चार्टच हातात हवा. खालचे आकडे फक्त समजावण्यासाठी आहेत.

१. इन्स्ट्रुमेंट चार्ट म्हणजे नकाशाच ना? मग तो शिकायला एवढे महिने का लागतात?

दिसायला नकाशा असला तरी त्याचं काम वेगळं आहे. ढगात शिरल्यावर खिडकीबाहेर नुसतं पांढरं असतं. तेव्हा कुठल्या दिशेने, किती उंचीवरून, कुठपर्यंत जायचं आणि रनवे दिसलाच नाही तर कुठे वळायचं, हे सगळं त्या एका पानावर असतं. वरून पाहिलेलं चित्र, बाजूने पाहिलेली उतरण, किमान उंचीचा तक्ता आणि टिपा, असे चार भाग एकाच वेळी वाचावे लागतात.

विद्यार्थी पहिली चूक बाजूच्या चित्रात करतात. ते प्रमाणात काढलेलं नसतं. तिथे दोन बोटांएवढं दिसणारं अंतर प्रत्यक्षात चार मैल असू शकतं आणि शेजारचं तेवढंच दिसणारं अंतर नऊ मैल. डोळ्याने अंदाज बांधू नका, आकडा वाचा.

२. चार्ट कोण काढतं? दोन कंपन्यांचे चार्ट वेगळे का दिसतात?

भारतात अधिकृत माहिती भारतीय विमानतळ प्राधिकरण एआयपी या माहितीपुस्तिकेत प्रसिद्ध करतं आणि नियमन डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, करतं. चार्ट कसा असावा हे इकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, अॅनेक्स चारमध्ये आहे आणि अप्रोचची, म्हणजे रनवेकडे उतरत येण्याच्या ठरलेल्या वाटेची, रचना डॉक्युमेंट ८१६८ प्रमाणे होते. जेपसन किंवा लिडो यांच्यासारख्या कंपन्या तीच माहिती आपापल्या पद्धतीने पुन्हा काढतात. एल्रे जेपसन हा स्वतः टपाल वाहून नेणारा पायलट होता. तो विमानतळांच्या नोंदी एका काळ्या वहीत ठेवायचा आणि १९३४ मध्ये त्याने त्या इतर पायलटांना विकायला सुरुवात केली. त्या एका वहीतून हा व्यवसाय उभा राहिला.

म्हणजे एका चार्टमागे निदान चार जण असतात. एक जण प्रोसिजर आखतो, दुसरा ती कागदावर काढतो, तिसरा विमानाच्या संगणकासाठी तिचा डेटा भरतो आणि चौथा ती उडवतो. पहिल्याच्या मनात जे उघड असतं ते चौथ्याला उघड असेलच असं नाही. बहुतेक संदिग्धता या हस्तांतरात जन्मते. माहिती चुकीची नसते, पण तिचे दोन अर्थ निघतात.

बदल एअरॅक पद्धतीने, २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने लागू होतात. वर्षात साधारण १३ चक्रं येतात.

३. फिक्सजवळ (वाटेवरच्या नाव दिलेल्या बिंदूजवळ) नुसती '४,०००' अशी उंची लिहिली आहे. ती किमान, कमाल, की बरोबर तेवढीच?

आकड्याखाली रेघ असेल तर त्या उंचीवर किंवा वर राहायचं. आकड्याच्या वर रेघ असेल तर त्या उंचीवर किंवा खाली. दोन्ही बाजूंना रेघ असेल तर बरोबर तेवढीच. रेघ नसेल तर ती बहुधा सुचवलेली उंची असते. काही चार्टांवर रेघांऐवजी शब्द लिहितात, म्हणून नवीन कंपनीचा चार्ट हातात आला की आधी त्याचं चिन्हांचं पान वाचायचं.

खरी अडचण पुढे आहे. ही रेघ केसाएवढी बारीक असते. फोटोकॉपीची फोटोकॉपी काढली की ती पुसट होते आणि रात्री कॉकपिटच्या मंद उजेडात ती अक्षराच्या खालच्या कडेला चिकटलेली दिसते. वर्गात मी एक प्रयोग करते. पडदे ओढते, दिवे घालवते आणि मोबाइलचा उजेड रुमालाखाली धरून चार्ट वाचायला देते. रेघ वरची की खालची यावर दर तुकडीत निदान एकदा तरी वाद होतोच.

वेपॉइंटच्या चिन्हाचंही तसंच. चिन्हाभोवती वर्तुळ असेल तर त्या बिंदूवरून जाऊन मग वळायचं. वर्तुळ नसेल तर बिंदूच्या आधीच वळण सुरू होतं. डोंगराळ भागात या दोन्हींमधला फरक मैलभराचा होऊ शकतो.

४. मिनिमाच्या (रनवे दिसल्याशिवाय ज्याच्या खाली जायचं नाही त्या उंचीच्या) रकान्यात दोन आकडे असतात, एक कंसाबाहेर आणि एक कंसात. अल्टीमीटरवर (उंचीमापकावर) कोणता लावायचा?

क्यूएनएचवर, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दिसेल असा हवेचा दाब अल्टीमीटरवर लावून, उडत असाल तर कंसाबाहेरचा. तो समुद्रसपाटीपासून मोजलेला असतो. कंसातला आकडा जमिनीपासूनची, म्हणजे रनवेच्या टोकापासूनची किंवा विमानतळाच्या पातळीपासूनची उंची सांगतो.

हा प्रश्न नाशिककरांनी मुंबईकरांपेक्षा जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. सांताक्रूझ समुद्राला लागून आहे, त्यामुळे तिथे दोन आकड्यांत जेमतेम चाळीसेक फुटांचा फरक पडतो आणि चूक झाली तरी लगेच अंगावर येत नाही. आपलं ओझर एकोणीसशे फुटांच्या आसपास आहे. समजा तक्त्यात २,४०० (५००) लिहिलंय. एका विद्यार्थ्याने सिम्युलेटरवर अल्टीमीटरच्या खुणेला ५०० लावलं आणि 'मिनिमम्स'चा आवाज येण्याची वाट पाहत बसला. आवाज येणार तरी कसा? समुद्रसपाटीपासून ५०० फूट ही जागा तिथे जमिनीच्या चौदाशे फूट खाली आहे. काटा २,१०० च्या खाली गेला तेव्हा मी सिम्युलेटर थांबवला. त्याचा हात तसाच थ्रॉटलवर होता. तो मला म्हणाला, "मी आवाजाची वाट बघत होतो." चार्टवर दोन्ही आकडे बरोबर होते आणि त्याला दोन्हींचा अर्थही तोंडपाठ होता.

तेव्हापासून माझा नियम आहे: मिनिमा मोठ्याने वाचताना आकड्याबरोबर 'समुद्रसपाटीपासून' किंवा 'जमिनीपासून' हे शब्दही उच्चारायचे.

५. एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाने) 'क्लिअर्ड फॉर अप्रोच' म्हटलं. मग चार्टवरच्या पुढच्या उंचीपर्यंत लगेच उतरायला हरकत नाही ना?

हरकत आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर ९२ जिवांनी दिलेलं आहे.

१ डिसेंबर १९७४. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सची फ्लाइट ५१४, बोइंग ७२७. वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर वारा जोराचा होता म्हणून विमान डलेसकडे वळवलं होतं. विमानतळ अजून सुमारे ४४ मैल दूर असताना कंट्रोलरने रनवे १२ च्या व्हीओआर-डीएमई अप्रोचसाठी, म्हणजे दिशा सांगणारा व्हीओआर आणि अंतर सांगणारं डीएमई या जमिनीवरच्या रेडिओ यंत्रांच्या आधाराने उतरण्यासाठी, क्लिअरन्स दिला. उंचीबद्दल तो काही बोलला नाही. पायलटांनी चार्ट पाहिला. बाजूच्या चित्रात शेवटच्या टप्प्याआधीची उंची १,८०० फूट होती. ते १,८०० कडे उतरू लागले.

ती उंची राउंड हिल या फिक्सच्या पुढच्या भागासाठी होती. विमान त्याच्या बरंच अलीकडे होतं आणि मध्ये व्हर्जिनियातला माउंट वेदर उभा होता. चार्टच्या वरच्या चित्रात राउंड हिलपर्यंत ३,४०० फूट असं एका वाटेवर लिहिलेलं होतं आणि कॅप्टनला ते दिसलंही होतं. कॉकपिटमध्ये त्यावर बोलणं झालं. पण आपल्याला अप्रोचचा क्लिअरन्स मिळालाय, म्हणजे उतरायला मोकळीक आहे, असा अर्थ लावला गेला. कंट्रोलरच्या मते किती उतरायचं हे पायलटने चार्ट पाहून ठरवायचं होतं. पायलटच्या मते कंट्रोलरने उंचीचं बंधन घातलं नाही, म्हणजे खालची वाट मोकळी होती. एकाच शब्दाचे दोन अर्थ दोघांनीही प्रामाणिकपणे धरले. चौकशी मंडळातही एकमत झालं नाही, निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला.

आणखी एक गोष्ट माझ्या मनाला लागते. सुमारे सहा आठवडे आधी युनायटेडचं एक विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून, थोडक्यात वाचलं होतं. युनायटेडने आपल्या पायलटांना सावध केलं होतं, पण ती माहिती दुसऱ्या कंपनीपर्यंत पोचायला तेव्हा रस्ताच नव्हता. या अपघातानंतर १९७६ मध्ये नासाने चालवायला घेतलेली गोपनीय अहवाल पद्धत सुरू झाली. कंट्रोलरचे नियमही बदलले: विमान चार्टवर छापलेल्या मार्गावर नसेल तर अप्रोचच्या क्लिअरन्सबरोबर 'अमुक ठिकाणापर्यंत अमुक उंची राखा' हे सांगायचं.

म्हणून: शेवटची दिलेली उंची सोडायची ती दोन गोष्टी झाल्यावरच. विमान चार्टवर छापलेल्या वाटेवर आलेलं असलं पाहिजे आणि वाचलेली उंची त्याच तुकड्याची असली पाहिजे. शंका असेल तर प्रश्न १५ पाहा.

६. एमएसएच्या (किमान सुरक्षित उंचीच्या) वर्तुळात लिहिलेल्या उंचीवर मी सुरक्षित आहे, बरोबर?

वर्तुळाच्या आत असाल तर. ते साधारण २५ नॉटिकल मैलांचं, म्हणजे ४६ किलोमीटरचं असतं आणि त्यात अडथळ्यांपासून किमान १,००० फूट अंतर राखलेलं असतं. पण त्याचा मध्य बऱ्याचदा एखादा व्हीओआर असतो, विमानतळ नव्हे. मध्य कुठे आहे हे वर्तुळाजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच वाचायचं राहून जातं.

आपल्या भागात करून पाहा. कागदावर ओझर मध्य धरा आणि २५ मैलांवर परकार फिरवा. सप्तशृंगगड आत येतो, चांदवडची रांग आत येते, त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी अगदी कडेला येतो. पण महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसुबाई, १,६४६ मीटर म्हणजे ५,४०० फूट, वर्तुळाच्या बाहेर राहतं. उत्तरेचा साल्हेर, १,५६७ मीटर, तोही बाहेर. म्हणजे वर्तुळातला आकडा या दोघांचा विचारच करत नाही. इगतपुरीच्या बाजूने येणाऱ्याने २५ मैलांच्या आधीच तो आकडा वापरला, तर ज्या डोंगरासाठी उंची हवी त्याच्यासाठीच ती मोजलेली नाही. तिथे ग्रिड मोरा, म्हणजे नकाशाच्या प्रत्येक चौकटीसाठी दिलेली किमान उंची, पाहायचा. जेपसनच्या पद्धतीत ५,००० फुटांपर्यंतच्या भूभागावर १,००० फूट आणि त्यापुढे २,००० फूट मिळवतात. म्हणजे ५,४०० च्या शिखरासाठी ७,४००.

दुसरी फसगत दिशेची. एमएसएचे विभाग पाडणारे अंश मध्याकडे येतानाचे असतात, मध्यापासून बाहेर जाणारे नव्हेत. चांदवडवरून ओझरकडे येणारं विमान ईशान्येला आहे, पण त्याचा मध्याकडचा अंश नैऋत्येचा, २३५ च्या आसपासचा. रेडियल (व्हीओआरपासून निघणारी दिशारेषा) मात्र नेहमी बाहेरच्या दिशेने मोजतात. एकाच पानावर दोन उलट रिवाज नांदतात. माझ्या अनुभवात परीक्षेत सगळ्यात जास्त गुण इथेच जातात.

७. डीएमई शून्य झालं म्हणजे रनवे आला, असं धरायचं का?

डीएमईचं यंत्र कुठे उभं आहे त्यावर ते अवलंबून. ६ ऑगस्ट १९९७ ला कोरियन एअरची फ्लाइट ८०१ ग्वामला रात्री, पावसात उतरत होती. ग्लाइडस्लोप (उतरण्याचा उतार दाखवणारा रेडिओ संकेत) बंद होता. तिथला व्हीओआर-डीएमई रनवेच्या ३.३ मैल अलीकडे, निमिट्झ हिलवर होता. म्हणजे आकडा आधी कमी होत शून्यावर येणार आणि टेकडी ओलांडून पुन्हा वाढत जाणार. विमान त्याच टेकडीवर आदळलं, २२८ माणसं गेली. कारणं अनेक होती, थकवा आणि अपुरं ब्रीफिंगही (उतरण्याआधी चार्ट वाचून करायची उजळणी) त्यात होतं. पण बहुतेक विमानतळांवर डीएमई रनवेजवळच असतं आणि ती सवय हाताला लागलेली असते. म्हणून ब्रीफिंग करताना एक वाक्य पाठ करा: "रनवेच्या टोकाला डीएमई इतकं दिसेल."

८. पायऱ्यापायऱ्यांनी उतरायच्या अप्रोचमध्ये आकडे वाचताना गोंधळ होतो. काही युक्ती आहे का?

युक्तीआधी काठमांडूची गोष्ट ऐका. २८ सप्टेंबर १९९२, पाकिस्तान इंटरनॅशनलची फ्लाइट २६८, एअरबस ए-३००, कराचीहून निघालेली. काठमांडूचा तो अप्रोच म्हणजे लांबलचक जिना होता. अमुक डीएमईला अमुक उंची, मग तीन मैलांनी पुढची. विमान प्रत्येक टप्प्यावर एक पायरी पुढे होतं. जिथे जी उंची हवी होती, तिथे ते त्याच्या पुढच्या टप्प्याची उंची गाठत होतं. उतार सुरेख होता आणि प्रत्येक आकडा चार्टवरचाच होता. फक्त आकडा आणि जागा यांची जोडी एका घराने सरकलेली होती. १६७ जण गेले, कोणीही वाचलं नाही.

चौकशी अहवालाने पायलटांची चूक स्पष्ट सांगितली. त्याचबरोबर अप्रोचचा आणि त्याच्या चार्टचा किचकटपणा हेही सहायक कारण म्हणून नोंदवलं. हा भाग मी विद्यार्थ्यांना दोनदा वाचायला लावते. चार्ट चुकीचा नव्हता. पण थकलेल्या डोळ्याला एक ओळ खाली घसरू देईल, अशी त्याची मांडणी होती.

तुम्ही लहानपणी पाढे म्हणताना 'सात सक' म्हणून उत्तर सात साताचं दिलं असेल. चूक तशीच आहे. उपायही पाढ्यासारखाच: जोडी कधी तोडायची नाही. 'पुढची उंची साडेदहा हजार' असं म्हणायचं नाही, 'तेरा डीएमईपर्यंत साडेदहा हजारांच्या खाली नाही' असं पूर्ण वाक्य म्हणायचं. दुसऱ्या पायलटने बोट चार्टवर ठेवायचं आणि पायरी ओलांडल्यावरच ते खाली सरकवायचं. मी अजूनही पेन्सिलीने प्रत्येक आकड्यापासून त्याच्या फिक्सपर्यंत रेघ ओढायला सांगते. टॅबलेटवर बोटाने ओढा, पण ओढा. आणि शक्य तिथे पायऱ्यांऐवजी एकसारख्या उताराने या. मात्र त्या उतारावरही प्रत्येक पायरीची किमान उंची तपासत राहा.

९. चार्टवर फिक्सचं नाव एक आणि विमानाच्या संगणकात दुसरंच. कोणावर विश्वास ठेवायचा?

कोणावरच एकट्यावर नाही. दोन्ही जुळेपर्यंत बटण दाबायचं नाही.

२० डिसेंबर १९९५, अमेरिकन एअरलाइन्सची फ्लाइट ९६५, कोलंबियातलं काली शहर. पायलटांना ऐनवेळी सरळ उतरायचा रनवे देऊ केला गेला, त्यांनी तो घेतला आणि घाई झाली. चार्टवर रोझो नावाच्या बीकनची खूण 'आर' होती. त्यांनी संगणकात 'आर' टाकलं. समोर यादी आली, त्यातलं पहिलं नाव निवडलं. ते होतं रोमिओ, बोगोटाजवळचं, दोनशेहून अधिक किलोमीटर लांब. डेटाबेसमध्ये रोझो 'आर' या खुणेखाली नव्हताच, त्याचं पूर्ण नाव टाकावं लागायचं. चार्ट आणि डेटाबेस आपापल्या नियमांनी बरोबर होते, फक्त त्यांचे नियम एकमेकांशी जुळत नव्हते. अंधारात विमान डावीकडे, डोंगराकडे वळलं. १५९ माणसं दगावली, चार वाचली.

आज नियम बरेच सुधारले आहेत, तरी फरक शिल्लक आहेत. चार्टवर 'डी६' दिसेल आणि संगणकात वेगळंच पाच अक्षरी नाव. म्हणून नावाबरोबर अंश आणि अंतर ताडून पाहायचं. चार्टवर पुढचा टप्पा १८९ अंश, ५ मैल असेल आणि पडद्यावर ०९० अंश, १३० मैल आलं, तर नाव काहीही असो, हात मागे घ्या.

१०. 'आयएलएस झेड', 'आयएलएस वाय', 'व्हीओआर ए' यातल्या अक्षरांचा अर्थ काय? (आयएलएस म्हणजे रनवेची दिशा आणि उतार दोन्ही दाखवणारी रेडिओ यंत्रणा.)

झेड, वाय, एक्स अशी उलटी अक्षरं म्हणजे एकाच रनवेला एकाच प्रकारचे अनेक अप्रोच आहेत. त्यांच्या किमान उंची आणि मिस्ड अप्रोच (रनवे दिसला नाही तर पुन्हा वर चढून जायची वाट) वेगळे असू शकतात. एटीसीने 'झेड' म्हटलं आणि तुम्ही 'वाय' उघडून बसलात, तर पाने जुळ्या भावंडांसारखी दिसतात म्हणून लक्षात येत नाही. ए, बी, सी ही अक्षरं असतील आणि नावात रनवेचा आकडाच नसेल, तर तो अप्रोच फक्त सर्कलिंगसाठी, म्हणजे रनवे दिसल्यावर विमानतळाला वळसा घेऊन उतरण्यासाठी, आहे. हे पक्कं लक्षात ठेवा, पुढच्या प्रश्नात लागेल.

जुन्या पुस्तकांत उपग्रहाच्या आधाराने करायच्या अप्रोचसाठी 'आरनॅव्ह (जीएनएसएस)' असं नाव सापडेल. इकाओने ते बदलून 'आरएनपी' केलं. प्रकार तोच.

११. खालच्या बारीक टिपा आणि नोटॅम (पायलटांसाठी निघणाऱ्या तातडीच्या सूचना) खरंच इतके महत्त्वाचे असतात?

शेतकरी घरातली मुलं हे लगेच ओळखतात. सातबारा घेताना नाव आणि क्षेत्र सगळे पाहतात, बोजा मात्र 'इतर हक्क'च्या रकान्यात असतो. चार्टच्या टिपा म्हणजे तो रकाना. 'मिस्ड अप्रोचला ४ टक्के चढ लागेल' ही ओळ तिथेच असते. नेहमीचा चढ २.५ टक्के, म्हणजे मैलाला साधारण १५० फूट. उकाड्याच्या दुपारी, भरलेल्या छोट्या विमानाला ४ टक्के जमतीलच असं नाही.

आणि कधीकधी टीपच संदिग्ध असते. २९ मार्च २००१, अमेरिकेतलं अॅस्पेन, एक गल्फस्ट्रीम-३. दोन दिवस आधी नोटॅम निघाला होता: रात्री सर्कलिंगला परवानगी नाही. पण त्या अप्रोचचं नाव होतं व्हीओआर-डीएमई-सी. म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे तिथे सर्कलिंगच्या मिनिमाशिवाय दुसरं काही नव्हतंच. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, 'हा अप्रोच रात्री बंद.' वाचणाऱ्याला अर्थ लागू शकत होता, 'सर्कलिंग नको, सरळ उतरा.' शिवाय नोटॅम तिथल्या टॉवरपर्यंत पोचला नव्हता. विमान रनवेआधीच्या उतारावर कोसळलं आणि सगळे १८ जण गेले. चौकशीत नोटॅमच्या अस्पष्ट शब्दरचनेचा स्पष्ट उल्लेख आहे. भाड्याने विमान घेतलेल्या ग्राहकाचा उतरण्यासाठीचा दबावही त्यात नोंदला आहे.

'हे नको' असं वाचलं की स्वतःला विचारा: मग काय उरलं? काहीच उरत नसेल तर पूर्ण अप्रोचच बंद आहे असं धरा आणि विचारून खात्री करा.

१२. परदेशात शिकलेला मित्र सर्कलिंग खूप जवळून करतो. कोण बरोबर?

दोघं वेगवेगळ्या नियमांत वाढलात. अमेरिकेच्या जुन्या टर्प्स नियमांत (अप्रोच आखण्याच्या तिथल्या नियमांत) सी श्रेणीच्या (श्रेणी वेगावरून ठरते) विमानासाठी सर्कलिंगचा संरक्षित भाग रनवेपासून १.७ मैल होता, नव्या नियमांत तो वाढवला आहे. भारतात चालणाऱ्या पॅन्स-ऑप्समध्ये (प्रश्न २ मधलं डॉक्युमेंट ८१६८) सी श्रेणीला तो ४.२ मैल आहे. जुन्या टर्प्सच्या चार्टवर भारतीय सवयीने रुंद फिरलात तर संरक्षित जागेच्या बाहेर जाल. चार्ट कुठल्या नियमाने बनला हे चार्टवरच, कडेला किंवा टिपांत लिहिलेलं असतं. परदेशी अप्रोच उडवण्याआधी ते शोधा.

१३. टॅबलेट आल्यावर हे प्रश्न संपले नाहीत का?

काही संपले. पान शोधण्यात वेळ जात नाही आणि चार्टवर स्वतःचं विमान दिसतं. पण बोटांनी चित्र मोठं केलं की टिपा पडद्याबाहेर जातात. आधी पूर्ण पान पाहून टिपा वाचा, मगच मोठं करा. आणि विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरणारी चार्टची पीडीएफ अभ्यासाला ठीक, उड्डाणाला नाही. गेल्या महिन्यात माझ्याकडे आलेली एक पीडीएफ अठरा महिन्यांपूर्वीची होती आणि पाठवणाऱ्याला तारीख कुठे पाहायची हेही माहीत नव्हतं. (खालच्या किंवा वरच्या कोपऱ्यात, लागू झाल्याची तारीख.)

१४. मुलगी पायलट होतेय. हे सगळं वाचून आम्हाला झोप येत नाही. आम्ही काय करू शकतो?

हा प्रश्न पिंपळगावच्या एका द्राक्ष बागायतदार वडिलांनी विचारला होता आणि तेव्हापासून इतर पालकांकडूनही येतो. म्हणून इथे ठेवला आहे.

वरच्या प्रत्येक अपघाताने काहीतरी बदललं. १९७४ नंतर अमेरिकेत प्रवासी विमानांना जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं झालं. कालीनंतर त्याची सुधारित आवृत्ती सगळीकडे पसरली. तिच्यात भूभागाचा नकाशाच भरलेला असतो, त्यामुळे डोंगर समोर येण्याच्या कितीतरी आधी ती बोलते. तुमची मुलगी ज्या आकाशात उडणार आहे ते १९७४ पेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे. "दिवाळीला पोचशीलच ना?", "सगळे वाट बघतायत" असं उड्डाणाच्या दिवशी म्हणू नका. ढगाळ संध्याकाळी चार्टचे दोन अर्थ निघत असतील तेव्हा घाईतला माणूस आपल्याला घरी पोचवणारा अर्थ निवडतो. ती उशिरा आली, दुसऱ्या गावी उतरून मुक्काम केला, तर "बरं केलंस" म्हणा.

१५. एटीसीला परत विचारलं तर ते आपल्याला कच्चं समजतील. फ्रिक्वेन्सीवर सगळे ऐकत असतात.

हा प्रश्न शेवटी ठेवला, कारण वरचे निम्मे प्रश्न इथे येऊन थांबतात. आपल्याकडे शाळेपासून हात वर करून विचारणाऱ्याकडे वर्ग वळून बघतो. ती भीती मुलं कॉकपिटमध्ये घेऊन जातात. मी स्वतः ती बरीच वर्षं बाळगली.

वाक्यं तयार ठेवली की जीभ अडत नाही. उंचीची शंका असेल तर: "कन्फर्म, मेंटेन फोर थाउजंड अनटिल एस्टॅब्लिश्ड?" अप्रोच कोणता याची शंका असेल तर: "कन्फर्म, आयएलएस झुलू?" (रेडिओवर झेडला झुलू म्हणतात.) काहीच जुळत नसेल तर: "अनेबल, रिक्वेस्ट टू होल्ड." 'अनेबल' (जमणार नाही) हा मान्यताप्राप्त शब्द आहे, त्यात कमीपणा नाही. आणि 'कॅन वी डिसेंड?' असं मोघम विचारू नका. आपण काय समजलो ते आकड्यासकट सांगा, म्हणजे कंट्रोलरला ते चूक की बरोबर हे तिथल्या तिथे सांगता येतं.

उतरल्यावर चार्टमधली संदिग्ध जागा लिहून आपल्या प्रशिक्षकाला आणि सेफ्टी ऑफिसरला द्या. डीजीसीएकडे स्वेच्छा अहवालाची सोय आहे, तिथेही पाठवा. सहा आठवड्यांचा तो धोका (प्रश्न ५) इथे कमी होतो.

मागच्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीने पहिलं वाक्य पहिल्यांदा रेडिओवर म्हटलं. आवाज कापत होता, असं तिनेच सांगितलं. पलीकडून "स्टँड बाय" आलं. दहाएक सेकंद गेले आणि कंट्रोलरने आधी दिलेल्यापेक्षा हजार फूट वरची उंची सांगितली.